हरवायला शिकवणारे सर

आईवडिलांनंतर मी कुणाचा सर्वांत जास्त ऋणी असेन, तर आमच्या सरांचा. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. रायपूरजवळ बीरगावच्या पलीकडे आमचा सळ्यांचा कारखाना आहे, तिथे ते विक्रीचे प्रमुख होते. खिशातली गाडीची किल्ली वाजवत ते म्हणायचे, "हरवल्याबिगर पोट्टं शहाणं होत नाही." तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेल, जो आधी मारतो आणि मग सांगतो, तुझ्याच भल्यासाठी.

माझ्या मुलाखतीत बाकीचे माझ्या इंग्रजीला हसत होते. वडील रेल्वेत गँगमन, घरात पहिला पदवीधर मीच. सर हसले नाहीत. त्यांनी टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बूट मागून आणले याने. मोठे होऊन राहिले. पण पॉलिश पाहा. ठेवा याले." बूट खरंच मावसभावाचे होते. त्या दिवशी नोकरीही मिळाली आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. दोन्ही त्यांचीच देणगी.

नव्या माणसाला ते अनोळखी बाजारात न्यायचे, त्याचा फोन मागून घ्यायचे, "पान घेऊन येतो" म्हणायचे आणि गाडी काढून निघून जायचे. तो घामाघूम होऊन परतला की सगळ्यांसमोर त्याची हजेरी घ्यायचे. सळ्या विकणाऱ्या दुकानदारांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. अभनपूरच्या एका वयस्क दुकानदाराला कोलकात्यात असंच सोडलं होतं. तो रडत परत आला, आणि सर त्याच्या रडण्याची नक्कल कित्येक वर्षं करत राहिले.

माझी पाळी बँकॉकला आली. जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना कंपनी दरवर्षी तिथे फिरायला नेते आणि सर त्या टूरचे सर्वेसर्वा असत. प्रतुनामच्या कपडेबाजारात, जिथे माणसांच्या आणि मोटारसायकलींच्या लोंढ्यात पाय ठरत नाही, तिथे त्यांनी मला सोडलं. एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ होतं. त्याला झेंडूच्या माळा, पुढे लाल सरबताच्या बाटल्या, देवाला पिता यावं म्हणून त्यांत नळ्या घातलेल्या. झेंडू पाहून मला धीर आला. जत्रेत आई सांगायची, हरवलास तर जिथं आहेस तिथंच उभा राहा. मी उभा राहिलो. दुपार कलल्यावर सर आले.

"काहून रे पदवीधर, खुंट्याले बांधलं होतं का तुले?"

"आईनं सांगितलं होतं सर, जागा सोडायची नाही."

ते इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक जेवणात, प्रत्येक मीटिंगमध्ये हा किस्सा. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी तो माझ्या सासऱ्यांना सांगितला. पण त्याच माणसाने मला मालकांसमोर बोलायला शिकवलं, पुढच्या वर्षी टूरची अर्धी जबाबदारी दिली, आणि माझ्या वडिलांना ऑफिसात स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

सर निवृत्त झाले. त्याआधीच ते ऑफिसच्या रस्त्यावरचं वळण चुकू लागले होते. विचारलं तर म्हणायचे, "मुद्दाम गेलो तिकडून." घरी बसणं त्यांना सोसत नव्हतं. मालकांचे चिरंजीव, छोटे मालिक, म्हणाले, "काका, इस बार टूर संभाल लीजिए, फिर हर साल आप ही ले जाना." सरांनी नवे बूट घेतले.

या टूरमध्ये मी जैन मंडळींच्या जेवणाची सोय बघायला हॉटेलात पुढे गेलो होतो. बस आली, सगळे उतरले, सर उतरले नाहीत.

"सर कुठे?"

अभनपूरचे ते दुकानदार हात धूत होते. सरांचंच वाक्य त्यांनी हिंदीत परत केलं, "बिना गुमे कोई होशियार नहीं होता, भैया!" आणि सगळी बस हसली. सर प्रतुनामला पाण्याची बाटली घ्यायला उतरले आणि यांनी ड्रायव्हरला गाडी हाकायला सांगितली होती.

मी धावत सुटलो. कुठे जायचं हा विचार करावा लागला नाही. त्याच छोट्या देवळापाशी सर उभे होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मला पाहिलं आणि त्यांचा हात खिशात गेला. मग किल्ली वाजली. गाडी रायपूरला होती, पण किल्ली त्यांनी खिशात आणली होती.

"किती शोधायचं तुले? तू हरवला म्हणून उभा आहो मी इथं."

"हो सर," मी म्हणालो.

हॉटेलात शिरताच त्यांनी सुरुवात केली. "सुनो, ये पदवीधर फिर गुम गया था!" माझी नक्कल केली, आईची नक्कल केली. लोक हसत होते. इतकं हसण्यासारखं त्यात काय आहे, ते मला कळेना. मग माझा फोन वाजला. टूरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. दुकानदारांपैकी एक जण मागे थांबला होता आणि समोरच्या पुलावरून त्याने सगळं टिपलं होतं. सर एकेकाला थांबवून हॉटेलचं कार्ड दाखवत होते. कार्ड उलटं होतं. माळा विकणारी बाई मान हलवत होती. शेवटी सरांनी त्या बाहुलीच्या घराएवढ्या देवळाला हात जोडले.

सर त्या ग्रुपमध्ये होतेच. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत पाहिलं. कुणी हसायचं थांबलं नाही. एकाने हात जोडून, डोळे मिटून नक्कलही केली. छोटे मालिक म्हणाले, "काका, बहुत काम कर लिया. अब घर में आराम कीजिए."

सरांनी फोन पालथा ठेवला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कढी बेकार आहे." ताट तसंच राहिलं.

रायपूरच्या विमानतळावर उतरलो तेव्हा त्यांनी ग्रुप सोडला होता. आता ते फोन घेत नाहीत. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोनदा जाऊन आलो, आतून कडी होती आणि टीव्हीचा आवाज येत होता. म्हणून गेल्या आठवड्यात पोस्टाने पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सादर नमस्कार.

बँकॉकला मी हरवलो होतो आणि तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात. ऑफिसात कुणी विषय काढला तर मी हेच सांगतो.

आम्हाला मुलगी झाली. रविवारी तिचं नाव ठेवायचं आहे. भनपुरीतली आमची गल्ली नवी आहे, पाटी नाही, कुणालाच सापडत नाही. ऑटोने चौकात उतरा आणि तिथंच उभे राहा. कुणाला काही विचारू नका. मी न्यायला येतो.

आपला,
पदवीधर"