एरचच्या दवामागे

रामसेवकजींचा फोन आला नसता तर मी झाशीला गेले नसते. "दीदी, पन्नी पर ओस तो खूब गिरती है, बाल्टी में कुछ नहीं आता," एवढंच ते म्हणाले. झाशी जिल्ह्यातल्या एरचला त्यांची छोटी रोपवाटिका आहे. पाणी अंगाला लागू न देणारी प्लास्टिकची चादर आमच्या पुण्याच्या कंपनीने त्यांना चाचणीसाठी दिली होती. दव घरंगळून बादलीत पडेल, असा हिशेब. अहवाल माझ्याकडे होता. मी लिहून टाकलं होतं, 'चादर नीट बसवलेली नाही.' सही तेवढी बाकी होती. दोन दिवस कशात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी रजा टाकून गाडीत बसले.

गाडीतही चैन नव्हतं. चादरीच्या तुकड्यावर बाटलीतलं पाणी टाकत राहिले. थेंब मोत्यासारखा गोल व्हायचा आणि जरा कलतं केलं की धूळ पोटात घेऊन पळायचा. प्रयोगशाळेतही नेहमी असंच. मग अडतंय कुठे?

झाशीत दतिया गेटजवळ माझी सुमनमावशी राहते. तिचं सासर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. "आधी दोन घास खा, मग निकल," ती म्हणाली. "बसवाले भैया कुठे पळून चाललेत?" खरं तर बस पळतही नव्हती. कुणी जाणार असाल तर सांगते, भाडं किरकोळ आहे, पण सुटायच्या वेळेचा भरवसा नाही आणि शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. स्टँडवरचे गरम समोसे बरोबर घ्या. थंडीत जाल तर शालही.

एरचला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. बेतवा समोर होती, पण माझ्याने काठावर बसवेना. रामसेवकजींची चादर बघितली. ताणलेली, स्वच्छ, उतार अगदी सांगितला तसा. मुक्काम त्यांच्याच घरी केला.

उजाडताना बाहेर आले. चादर बारीक थेंबांनी पांढरी झाली होती. टिचकी मारली, कोपरा उचलला. एकही थेंब हलला नाही. शेजारी गोठ्याच्या पत्र्यावरून मात्र टपटप चालू होती. रामसेवकजींच्या पत्नी, राजकुमारीजी, माझ्याकडे बघत होत्या. लेकीबहिणींना इथे लाडाने 'बिन्नू' म्हणतात. "बिन्नू, टीन सें तौ टपक रओ, तुमाई पन्नी सें काए नईं?"

तेव्हा उमगलं. आम्ही नेहमी वरून पाणी ओतलं होतं. ओतलेला थेंब चादरीच्या अतिसूक्ष्म खडबडीत टोकांवर तरंगतो. दव मात्र त्या टोकांमधल्या फटींतच जन्मतं आणि तिथेच चिकटून बसतं. दवावर चाचणी घ्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. रामसेवकजी बाजूला उभे होते. त्यांना हे सांगायला हवं होतं. मी "देखते हैं" म्हणाले आणि बस पकडली.

परतीचा सगळा प्रवास स्वतःवर चरफडण्यात गेला.

पुण्यात पोचताच अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'दोष चादरीत आहे, दवासाठी ती निरुपयोगी.' साहेब खवळले. पुढच्या चाचण्या दुसऱ्याकडे गेल्या. मग एरचला फोन लावला. राजकुमारीजींनी उचलला. गलती हमारी थी, म्हटलं.

"जे तौ रोज भोर में उठकें ढाल बदलत रए, बिन्नू. सोचत रए, हमईं सें गलती हो रई."

चूक आपलीच समजून रामसेवकजी रोज पहाटे चादरीचा उतार बदलून बघत होते, हे अहवालात कुठल्या रकान्यात बसणार? म्हणून इथे लिहिलं.