ओस्मारचे तळवे

माझा नवरा ओस्मार टायर-पंक्चरचं दुकान चालवतो. एकसष्ट किलोचा काडीपैलवान, पण ट्रकचं चाक एकटा काढतो. स्वभावानं गरीब. फक्त दोन गोष्टींत त्याच्याशी वाद घालायची सोय नाही. एक म्हणजे त्याचा आकाशी जर्सीवाला फुटबॉल क्लब आणि दुसरी म्हणजे 'लोस सेरेनोस' हा रॉक बँड. बँडपायी त्यानं तरुणपणी दोन नोकऱ्या घालवल्या. लांब रोसारियो शहरात कार्यक्रम असला की सोमवारी स्वारी कामावर गैरहजर. मला तो भेटला तोही त्यांच्याच एका कार्यक्रमात, गर्दीत माझ्या अंगावर बिअर सांडून.

राजधानीला लागून असलेल्या आमच्या आवेशानेदा गावात दोन फुटबॉल क्लब आणि त्यांची दोन मैदानं, मध्ये चार गल्ल्या. एक आकाशींचं, एक लालांचं. मी लालांच्या घरची. माझे सासरे आतीलियो कट्टर आकाशी. त्यांनी ओस्मारला दहाव्या वर्षी झेंड्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली होती, की लालांच्या मैदानाला पायाचा तळवा लागू देणार नाही. असल्या शपथा इथं घरोघरी आहेत, त्यात कुणाला काही वाटत नाही. सासरे गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही त्यांची राख आकाशींच्या गोलमागे पुरली. तिथं उभं राहून ओस्मारनं तीच शपथ पुन्हा घेतली, कुणी मागितलेली नसताना!

मग एके वर्षी बँडनं शेवटचा कार्यक्रम जाहीर केला. गायक लालोचा गळा कामातून गेला होता, डॉक्टरांनी गाणं बंदच करा म्हणून सांगितलं होतं. ओस्मारनं पहाटेपासून रांगेत उभं राहून चार तिकिटं आणली, आम्हा दोघांची आणि माझ्या दोन भावांची, तितो आणि काचोची. कार्यक्रम राजधानीतल्या एका मैदानात होता. आणि दहा दिवस आधी दुकानातल्या रेडिओवर बातमी आली, की स्टेज तिथं बसत नाही, कार्यक्रम लालांच्या मैदानात होईल.

ओस्मारनं हातातली ट्यूब पाण्याच्या टबात सोडली आणि तो तसाच बसून राहिला.

"माझं तिकीट कुणाला तरी देऊन टाक," रात्री जेवताना तो म्हणाला.

"वेडा आहेस का? पुन्हा कधी दिसणार आहे लालो?"

"शपथ आहे, निल्दा."

"मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

मी ताट आपटलं. आठ दिवस हा माणूस धड जेवला नाही. दुकानात रेडिओसुद्धा लावेना. मला रागही येत होता आणि बघवतही नव्हतं. शेवटी मी भावांना बोलावून घेतलं.

तितो तर पोट धरून हसला. "दाजी, शपथ तळव्यांची आहे ना? मग तळवे लावू नका. आम्ही उचलून नेतो."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली! एवढासा तुमचा जीव. काचो रोज याहून मोठा अर्धा बैल खांद्यावरून नेतो."

काचो खाटीक आहे. त्यानं नुसती मान डोलावली. ओस्मारनं काचोचे खांदे निरखून पाहिले. मग तो म्हणाला, "खाली पाडलंत तर मात्र याद राखा."

तर अशी आमची वरात निघाली. मैदानाच्या फाटकाशी काचोनं त्याला खांद्यावर घेतलं. तिकीट बघणारा काळजीनं म्हणाला, "काय झालं यांना? पाय मोडलाय?"

"नाही, आकाशी आहेत," काचो म्हणाला.

"अरेरे," असं म्हणून त्यानं तिकीट फाडलं.

आत हां हां म्हणता बातमी पसरली. मागचे ओरडत होते, "ए आकाशी, खाली बस, दिसत नाही!" कुणी त्याच्या टकलावर लाल टोपी घातली, ती त्यानं भिरकावली. पण काचो दमला तेव्हा कुणीतरी अनोळखी लाल पोरगा पुढे झाला, "द्या इकडे काका." असे पाच-सहा जण पाळीपाळीनं आले. शिव्या देत देतच त्यांनी त्याला दीड तास खाली टेकू दिलं नाही.

लालोचा आवाज फाटत होता. वरच्या सुराला तो थांबायचा आणि ती ओळ लोक म्हणायचे. शेवटचं गाणं सुरू झालं आणि सगळं मैदान उड्या मारायला लागलं. ओस्मार तेव्हा तितोच्या खांद्यावर होता. तितोही या बँडमागे आयुष्यभर फिरलेला माणूस. तो मान खाली घालून, दोन्ही गुडघे घट्ट रोवून उभा होता. समोर लालो शेवटचं गात होता आणि तितोला दिसत होती फक्त पुढच्याची पाठ.

ओस्मारनं वाकून त्याच्याकडे पाहिलं. "तितो, उतरव मला."

"जमतंय हो, दाजी."

"उतरव म्हणतो ना! तुला काहीच दिसत नाहीये."

तितोनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं ओस्मारला सावकाश खाली ठेवलं. ओस्मार क्षणभर जागच्या जागी ताठ उभा राहिला. "बाबा, माफ करा," तो मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं उडी मारली. मग दुसरी. मग तितोच्या गळ्यात हात टाकून दोघं लहान पोरांसारखे उड्या मारत राहिले, आणि ओस्मार ढसाढसा रडत होता.

दिवे लागले, लोक बाहेर पडायला लागले. मला वाटलं, आता हा पळत सुटेल. पण तो वर प्रेक्षकांच्या जुन्या सज्ज्याकडे बघत होता.

"निल्दा, तुझे बाबा कुठं बसायचे?"

लग्नाच्या एकोणीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. दोन क्लबांचा सामना या मैदानावर असला की माझे बाबा आदल्या दिवशी आमच्याकडे यायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, माझ्या शेजारची जागा धरून ठेवलीय, येतोस?" हा हसून नाही म्हणायचा. बाबा गेले त्या हिवाळ्यापर्यंत विचारत राहिले.

मी खांबामागच्या बाकड्यावरची जागा दाखवली. तो पायऱ्या चढून गेला. बाबांची जागा मोकळी ठेवून तो शेजारी बसला. तो रिकाम्या मैदानाकडे पाहत होता.

"एकदा यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, "यायला हवं होतंस."