चाचांची माफी

वाशिमच्या बाजारात कॉम्प्युटर विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या चाचांना एक सवय आहे. कुठल्याही पडद्याला हात लावण्याआधी ते तो स्वतःच्या रुमालाने पुसतात. मग माऊस गोल गोल फिरवत, डोळे बारीक करून बाणाकडे बघत बसतात.

नवा मॉनिटर मी त्यांच्याकडूनच घेतला होता, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलणारा. तरी गेममधली माझी गाडी वळणावर अडखळायचीच. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे मला सगळं कळतं! चाचांना साधा फोनही न करता मी वॉर्डाच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच घरी आले. पडदा पुसला, बाण फिरवला. "सर, बाण तं इथं बराबर धावून राह्यला," म्हणाले. मग त्यांनी गेमची सेटिंग उघडली. तिथे सेकंदाला साठच होतं. जुन्या मॉनिटरच्या वेळी मीच ठेवलेलं. त्यांनी एकशे चव्वेचाळीस केलं आणि गाडी झोकात वळली.

"होते असं कधी कधी," एवढंच म्हणून ते चपला घालून निघाले. ग्रुपचा विषय काढलाच नाही.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "सरचा मॉनिटर ठीक झाला. सेटिंग सांगाची माह्याकडूनच राहून गेली होती. माफी."

त्या ग्रुपवर माझे विद्यार्थीही आहेत. खरं काय ते मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. शेवटी त्यांच्या माफीखाली लिहिलं, "ठीक आहे चाचा."