खडीच्या खाणीतली शर्यत

अरुंधती शिंत्रे मूळची कोल्हापूरची. वडिलांचं उद्यमनगरात लेथ मशीनचं वर्कशॉप, त्यामुळे ग्रीसचा वास तिला घराचाच वास वाटायचा. इंजिनिअरिंग संपवून ती जर्मनीत आखनला मास्टर्स करायला आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात, जिचं नावही तिने नीट ऐकलेलं नव्हतं अशा एका शर्यतीने तिच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरवून टाकली.

२००१ सालच्या फेब्रुवारीतला सोमवार होता. ती इन्स्टिट्यूटमध्ये पोचली तेव्हा सगळे एका कॉम्प्युटरभोवती उभे होते. आदल्या दिवशी अमेरिकेत डेटोनाला स्टॉक कारची, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींच्या धर्तीवर बांधलेल्या गाड्यांची, मोठी शर्यत झाली होती. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टची काळी गाडी भिंतीवर गेली आणि तो गेला. सात वेळा अजिंक्यपद मिळवलेला माणूस. ती चित्रफीत सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. गाडी उलटली नाही, पेटली नाही. भिंतीला धडकून घसरत खाली गवतावर आली, एवढंच. त्याच मैदानावर यापेक्षा कितीतरी भयानक अपघातांतून माणसं हात हलवत बाहेर आली होती.

"इतकंच?" अरुंधतीने विचारलं.

तिच्या गाइडने सांगितलं की धड पट्ट्यांनी जागच्या जागी थांबलं, पण डोकं थांबलं नाही. कवटीचा तळ तुटला. डोक्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडच्या वरच्या गटात डोकं आणि मान बांधून ठेवणारं साधन सक्तीचं झालं, आणि अरुंधतीने आपल्या प्रबंधासाठी तोच विषय घेतला.

त्या निमित्ताने तिने जुन्या शर्यतींच्या चित्रफिती धुंडाळून जमवल्या. इतरांना त्यात थरार दिसायचा. अरुंधती मात्र अपघातानंतर काय बदललं ते शोधायची. पुढे कोलोनजवळ एका सीटबेल्टच्या कंपनीत तिला नोकरी लागली, २००४ साली लग्न झालं. नवरा देवदत्त सांगलीचा, गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर. लग्नानंतर ती त्याला एका रविवारी आयफेलच्या डोंगराळ भागात घेऊन गेली. तिथे खडीच्या बंद पडलेल्या खाणीत एक क्लब स्टॉक कारच्या शर्यती भरवायचा. अमेरिकेचा झगमगाट नाही. भंगारात निघालेल्या गाड्या, काचा काढलेल्या, दारं वेल्ड केलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. मातीचा गोल रस्ता, बाहेरच्या अंगाला मातीचाच उंच बांध. समोरच्याला धक्का मारून बाजूला सारायला परवानगी. देवदत्त बघायला गेला आणि वर्षभरात स्वतः गाडी चालवायला लागला.

अरुंधतीकडे आबनाहमे आली, म्हणजे शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासून पास करायचं काम. आधी लोक तिच्याकडे जरा संशयाने बघायचे, पण ती नवऱ्याचीही गाडी परत पाठवते हे दिसल्यावर ते मिटलं. एकच गोष्ट तिला जमली नाही. खांद्यांवर बसणारं, हेल्मेटला दोन बाजूंनी पट्ट्यांनी अडकवलेलं ते साधन सक्तीचं करा, असं तिने क्लबच्या बैठकीत मांडलं आणि मतदानात ती हरली. क्लबचे अध्यक्ष हेल्मूट श्मिट्झ, स्वतः एके काळचे ड्रायव्हर, म्हणाले की आपल्या चिखलात कुणी अमेरिकेच्या वेगाने जात नाही. तिने सांगून पाहिलं की प्रश्न वेगाचा नाही, गाडी किती झटक्यात थांबते त्याचा आहे. ऐकून घेतलं सगळ्यांनी, हात मात्र वर झाले नाहीत. ज्याला वापरायचंय त्याने वापरावं, असं ठरलं. देवदत्त वापरायचा. त्याला तो 'जू' म्हणायचा.

२००७ च्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. सरलाताई सांगलीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, तोलून मापून बोलणाऱ्या. मुलगा रविवारी कुठे जातो असं त्यांनी विचारलं तेव्हा देवदत्त हसत म्हणाला, "अगं आई, जत्रेतल्या डॅशिंग कार असतात ना, तसलाच खेळ आहे." अरुंधती तिथेच कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही आणि काही बोललीही नाही.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला सरलाताईही निघाल्या. घरी एकटीने बसून काय करू, म्हणाल्या. सकाळच्या फेरीत देवदत्तला डावीकडून आलेली गाडी दिसलीच नाही आणि दोन जागा गेल्या. तरी तो अंतिम फेरीत पोचला. मधल्या वेळात अरुंधतीने सगळ्या गाड्या पुन्हा तपासल्या. देवदत्त आत बसला होता, पट्ट्या आवळलेल्या, जू खांद्यावर. तिने गाडीच्या टपावर थाप मारली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

अंतिम फेरी सुरू झाल्यावर ती सासूबाईंना चांगली जागा बघून द्यायला निघाली. गाड्या उभ्या करायच्या जागेवरून जाताना देवदत्तच्या हत्यारांच्या पेटीवर तिला ते दिसलं. जू. पट्ट्या नीट गुंडाळून ठेवलेल्या.

क्षणभर तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल. पण त्याच्या कडेला तिनेच पांढऱ्या रंगाने नाव घातलं होतं. मान वळत नाही म्हणून सकाळी जागा गेल्या, असं त्याने मनाशी ठरवलं असणार. ती पास करून पुढे गेल्यावर त्याने ते उतरवलं होतं.

ते हातात घेऊन ती जवळजवळ पळतच श्मिट्झकडे गेली. शर्यत थांबवा, म्हणाली. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. लाल झेंडा कुठल्या नियमाने दाखवू, असं त्यांनी विचारलं. सक्तीचं नाही ते. आत निम्म्याहून जास्त जण त्याच्याशिवाय चालवतायत. तुझा नवरा आहे म्हणून थांबवायची का?

तपासणी सगळ्यांना सारखी, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं.

ती परत येऊन जाळीपाशी उभी राहिली. गाड्या चिखल उडवत समोरून गेल्या. देवदत्तची निळी गाडी पाचव्या जागेवर होती. त्याचं हेल्मेट प्रत्येक वळणावर मोकळेपणी इकडेतिकडे फिरताना दिसत होतं.

"हातात काय गं ते?" सरलाताईंनी विचारलं.

"त्याचंच आहे, आई."

"मग त्याने घातलं का नाही?"

अरुंधतीने जाळी घट्ट धरली. निळी गाडी चौथी झाली. मग तिसरी. पलीकडच्या वळणावर दोन गाड्या उलटल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आतले दोघे खिडकीतून बाहेर येऊन वाकून नमस्कार करून गेले. पिवळा झेंडा दाखवून त्या गाड्या ओढून काढल्या. हीच वेळ आहे, आता त्याला बाहेर बोलवावं, असं तिच्या मनात आलं. पण पिवळ्या झेंड्यात गाडीजवळ जायला मनाई होती. तोवर हिरवा झेंडा पडलाही.

पुढची गाडी घसरून आडवी झाली. देवदत्तने ती चुकवायला बाहेरची बाजू धरली, तेवढ्यात मागून कुणाचा तरी बंपर त्याच्या मागच्या चाकाला लागला. फार जोराचा नाही. निळी गाडी सरळ बांधात घुसली आणि जागच्या जागी थांबली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ओरडलंही नाही. बघण्यासारखं काही झालंच नव्हतं. बांधाची थोडी माती टपावर पडली. निळ्या गाडीच्या खिडकीतून हात काही बाहेर आला नाही.

अरुंधती जाळीच्या फटीतून आत शिरली. लाल झेंडा दाखवला की नाही हेही तिने पाहिलं नाही. ती पोचली तेव्हा मदतीची दोन माणसं खिडकीत हात घालून देवदत्तला काखेत धरून ओढायच्या बेतात होती. पेट्रोलचा वास येत होता. गाडीखाली थेंब पडत होते, आणि सायलेन्सर तापलेला.

"हात काढा," ती म्हणाली. त्यातल्या एकाने पेट्रोलकडे बोट दाखवलं. "माहीत आहे. फोम मारा. पण त्याला ओढू नका."

ती खिडकीतून कमरेपर्यंत आत शिरली आणि दोन्ही तळव्यांत त्याचं हेल्मेट धरलं. देवदत्तचे डोळे उघडे होते. तो शुद्धीवर होता, आणि मान वळवून तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होता.

"हलू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. समोर बघ."

"मान दुखतेय."

"बोटं हलव."

त्याच्या मांडीवरची बोटं हलली. पायाची दिसत नव्हती. ती मोठ्याने बोलत राहिली. काय बोलली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. आजूबाजूला फोमचा पांढरा ढीग वाढत होता. वास कमी होत नव्हता. एक माणूस तिला बाहेर ये म्हणाला, निदान तू तरी. ती हलली नाही. हात भरून आले तेव्हा तिने कोपरं पिंजऱ्याच्या पाइपांवर टेकवली. आपण चुकत असलो तर दोघंही जळू, आणि बरोबर असलो तर ते कुणाला कळणारही नाही, एवढा एकच विचार स्पष्टपणे तिच्या डोक्यात होता.

अँब्युलन्सचे डॉक्टर आले, त्यांनी मानेला पट्टा बांधला, आणि मगच तिला हात सोडायला सांगितलं. बोटं सरळ होईनात. टप कापून देवदत्तला उचलून वर काढलं.

मानेचा एक मणका मोडला होता. मज्जारज्जूला धक्का लागला नव्हता. त्याला ओढून काढलं असतं तर काय झालं असतं, हे हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी शब्दांत सांगितलं नाही. फक्त, कुणी धरून ठेवलं होतं, असं विचारलं.

कॉरिडॉरमध्ये सरलाताई खुर्चीवर बसल्या होत्या. साडीच्या काठाला चिखल वाळला होता. जू त्यांच्या मांडीवर होतं.

"डॅशिंग कार," त्या म्हणाल्या. "तुला माहीत होतं."

"हो आई."

त्यानंतर त्या तिच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलल्या. देवदत्तला घरी आणलं. मान हलू नये म्हणून डोक्याभोवती लोखंडी कडं, झोपायचंही उताणंच. सरलाताईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. स्वयंपाक दोघी एकाच ओट्यावर करायच्या, पण मधे जणू भिंत असावी. मग एका दुपारी त्यांनी ओट्याकडेच बघत विचारलं, "तू त्या जुन्या शर्यती जमवून ठेवल्यात ना? मला दाखव."

अरुंधतीने लॅपटॉप आणला. पहिली १९७९ ची डेटोना लावली. अमेरिकेचा पूर्व भाग बर्फात अडकलेला, घरोघरी लोक टीव्हीसमोर. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांवर आदळले, मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकून गेला आणि इकडे गवतावर त्या दोघांची, शिवाय एकाच्या भावाची मारामारी जुंपली.

"कुणाला लागलं नाही ना?" सरलाताईंनी विचारलं. "मग भांडेनात का."

नंतर १९८७, टालाडेगा. टायर फुटून बॉबी अ‍ॅलिसनची गाडी उलट्या दिशेने हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरची जाळी फाडत गेली. सरलाताईंनी पदर तोंडाशी धरला. पुढच्या वर्षीपासून तिथल्या इंजिनांची हवा कमी करून वेग उतरवला, हे अरुंधतीने सांगितलं.

शेवटी २००१. काळी गाडी भिंतीला लागली, घसरत खाली आली. सरलाताईंनी ती परत लावायला सांगितली.

"आपल्यासारखीच," त्या म्हणाल्या. "आणि हे तुला तेव्हापासून माहीत होतं. तरी तू त्याला बसू दिलंस."

"बांधून बसेल असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं, तो माझ्याशी खरं बोलतो." त्यांनी लॅपटॉप मिटला. "चहा टाक."

पुढच्या शनिवारी श्मिट्झ भेटायला आले. हातात त्यांच्या गावाकडचा राइसफ्लाडेन होता, दुधात शिजवलेल्या तांदळाचा केक. सरलाताईंनी एक घास खाऊन, खीरच आहे ही, म्हटलं, आणि मग अरुंधतीला म्हणाल्या की मी विचारते ते जसंच्या तसं सांग. यांचा मुलगाही चालवतो ना? त्या दिवशी त्याने ते बांधलं होतं का?

अरुंधतीने जर्मनमध्ये विचारलं. श्मिट्झनी ताटलीतला तुकडा काट्याने सरकवला. "नाइन," ते म्हणाले, म्हणजे नाही. केक तसाच ठेवून, देवदत्तच्या पायाला हलकेच हात लावून गेले.

हिवाळ्याच्या बैठकीत जू सक्तीचं करायचा ठराव त्यांनी स्वतः मांडला. दोन जुने ड्रायव्हर क्लब सोडून गेले. बाकी हात वर झाले.

सरलाताई तोवर सांगलीला परतल्या होत्या. देवदत्तची मान डावीकडे पूर्ण वळेनाशी झाली. गाडी पार्क करताना त्याला अख्खं अंग फिरवावं लागायचं. एकदा भांडी विसळताना त्याने विचारलं, "तू लाल झेंडा का नाही दाखवायला लावलास?"

"तू ते का काढलंस?"

त्याने ताटं पुसून कपाटात लावली.

मे महिन्यात हंगाम सुरू झाला. देवदत्त झेंड्यांच्या मचाणावर उभा होता; गाडी त्याने भंगारात दिली होती. अरुंधतीने रांगेतली प्रत्येक गाडी तपासली. श्मिट्झच्या मुलाच्या पट्ट्या सैल होत्या. त्याने तोंड वाकडं केलं. तिने त्याला उतरवलं, पुन्हा बसवलं, स्वतः पट्ट्या आवळल्या, आणि डोकं पुढे झोकून दाखव म्हणाली. त्याचं डोकं अडलं.

मग, या वर्षीच्या नव्या रिवाजाप्रमाणे, ती गाड्यांपासून हटली नाही. हिरवा झेंडा पडेपर्यंत रांगेच्या शेजारीच उभी राहिली, एकेका खिडकीत बघत.