मिस्त्रीच्या पोरीचा खिळा

चाळीस वर्षं चोख भिंती बांधणाऱ्या मिस्त्रीनं शाळेच्या या एकाच भिंतीच्या वेळी ठेकेदाराच्या दमदाटीपुढे नांगी टाकली आणि सिमेंट कमी घातलं. तपासणीला आली ती नेमकी त्याचीच धाकटी लेक, नवी कोरी इंजिनीअर. तिनं पर्समधून जुना खिळा काढून विटांच्या सांध्यात फिरवला. वाळू भुरुभुरु गळली.

"पाडा ही भिंत," ती म्हणाली. बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

ठेकेदार मिस्त्रीच्या कानाला लागला, "घरचीच पोर आहे, जरा समजवा की!"

"समजावलंय ना, ती सात वर्षांची होती तेव्हाच," मिस्त्री छाती फुगवून म्हणाला. "सांधा तपासायला तो खिळा मीच दिलाय तिला."

आणि घण उचलून पहिला घाव त्यानंच घातला.