सरांची हाक

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले सर हाक मारायचे तेव्हा ठाण्यातले कावळे उडायचे. निवृत्त होऊन इथे येण्याआधी समुद्रातल्या टीचभर बेटावर त्यांनी जन्मभर शिकवलं. तिथल्या शाळेची घंटा खाऱ्या वाऱ्याने गंजली आणि सरच घंटा झाले.

घशाच्या ऑपरेशनात तो आवाज गेला. बेटावर त्यांनी हे कळवलंच नाही.

परवा गच्चीवर आम्ही दोघं असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. तिकडे आता त्यांचाच विद्यार्थी मास्तर आहे.

“सर, आज शाळा उघडली. पोरांना तुमची हाक ऐकवा ना!”

सरांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला.

“शाळा भरली रेऽऽ!” मी ओरडलो.

सरांनी नापसंतीने मान हलवली. अजून मोठ्याने, अशी खूण केली. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

“सर, सर्दी झालीय का?” मास्तराने विचारलं. मागून पोरांचा गलका आला, “आलो, सर!”

सरांनी वर्गावर निघाल्यासारखं शर्टाचं वरचं बटण लावलं.