टिकलीचं खोगीर आणि माझी बैठक

चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. आमचं सगळं कुंभारी गाव हसून मोकळं झालंय, तुम्ही तेवढे राहिलात.

मी वरातीला घोडी देतो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरनं माझी कटकट नको म्हणून वर ढकललं तेवढीच. पण उभा जन्म घोड्यात गेला. घोड्यातलं मला कुणी शिकवू नये, असं माझं म्हणणं होतं. होतं म्हणतोय, ध्यानात ठेवा.

आमची घोडी टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, चालायला देखणी. पण पाठ? मान संपते तिथं उंटासारखा उंचवटा, त्याच्यामागं खळगा, आणि अंगानं इतकी अरुंद की कुठलंही खोगीर ठेवा, पुढं टोचणार आणि मधे अधांतरी राहणार. वरातीला चालून जातं. खाली दोन घोंगड्या, वर जरीची झूल. नवरदेव तासभर बसणार, त्यातही त्याचं ध्यान घोडीवर थोडंच असतंय!

भानगड केली माझ्या नातीनं, ऋतुजानं. ती पुण्याला कॉलेजात, तिथल्या क्लबात घोडेस्वारी शिकली. सुट्टीत आली की टिकलीला शिकवायची. ड्रेसाज म्हणतात त्याला. घोडीनं मान वळवून मोजकी पावलं टाकायची, आडवं चालायचं, आणि वर बसलेल्यानं हूं की चूं करायचं नाही.

"म्हंजे वरातीचा नाचच की, फकस्त बँड न्हाय," मी म्हणालो.

"आबा, नाच नाही हो तो!"

"घोडी आडवी चालती, लोक बघत्यात, टाळ्या वाजिवत्यात. मग काय कीर्तन हाय?"

अशी दर सुट्टीला येऊन वर्षभर राबली पोरगी. पुण्यात स्पर्धा, आणि तीन आठवडे राहिलेले. अडलं होतं फक्त खोगिरावर. वरातीचं खोगीर तिथं चालत नाही, ड्रेसाजचं वेगळं लागतं. आणि तिनं एकच सांगितलं, "आबा, टिकलीच्या पाठीला एक चट्टा जरी उठला तर मी नाव मागं घेणार. तिला दुखवून मला काही जिंकायचं नाही."

मी छाती ठोकून म्हणालो, "खोगीर माझ्याकडं लागलं. तू घोर करू नगंस."

तिच्या क्लबातल्या मॅडम स्वतः येऊन घोडीच्या पाठीचं माप घेऊन गेल्या. वाकणारी पट्टी पाठीवर दाबायची आणि कागदावर गिरवायची. मी आपला बाजेवर बसून बघत होतो. म्हटलं, चाललंय ते चालू दे, शेवटी मलाच बघावं लागणार. आठवड्यात त्यांनी एक खोगीर धाडलं. काळं, मऊ, खोल बैठकीचं.

आता आमच्या घरातली रीत अशी. नवीन खोगीर आलं की नारळ फोडायचा आणि आधी घरातल्या मोठ्या माणसानं बसून बघायचं. त्याला पसंत पडलं तर मग बाकीच्यांनी. तपासणीही साधी. घोडीच्या पाठीवर ज्वारीचं पीठ भुरभुरायचं, वर खोगीर, दोन चकरा. जिथं दाब जास्त तिथलं पीठ खोगिराला चिकटतं. पीठ काही कुणाची भीड धरत नाही.

नारळ फोडला, मी बसलो, दोन चकरा मारल्या. खोगीर सरकलं उजवीकडं. काढून बघतोय तर उजव्या अंगाला पिठाचा थर, डाव्या अंगाला नुसती भुरभुर.

"नापास!" मी म्हणालो.

"आबा, मी एकदा बसून बघू का?"

"नापास खोगिरात बसून घोडीची पाठ सोलायची हाय व्हय?"

पोरगी टिकलीची पाठ पुसायला लागली. तिचंच वाक्य मी तिच्यावर उलटवलं होतं ना!

मग कोल्हापूरकडच्या एका ओळखीच्या माणसाचं दुसरं खोगीर मागवलं. नारळ, पीठ, चकरा. तेही उजवीकडं! आता तुम्हीच सांगा, दोन गावची दोन खोगिरं, दोन्ही उजवीकडं सरकतात, तर दोष कुणाचा? घोडीचा! माझं डोकं असं सरळ चालतं.

जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं टिकलीला पुढून बघितलं, मागून बघितलं, सगळीकडं दाबून बघितलं. म्हणाला, "दोन्ही बाजू सारख्या आहेत. उगाच काळजी करताय."

"तुमी म्हशी बघा," मी म्हणालो.

पुण्याच्या मॅडमना फोन लावून तोंडावर सांगितलं, "बाई, तुमाला घोडी वाकडी हाय ते सुदिक दिसलं न्हाय. कसलं माप घेतलं?" त्या बिचाऱ्या ऐकून घेत होत्या. पारावर गेलो, तिथंही सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. टिकली उजवीकडून खोल आहे, असं मी सगळ्या पंचक्रोशीत करून ठेवलं.

स्पर्धेला पाच दिवस राहिले. ऋतुजा अर्ध्या ताटावरून उठायला लागली. मग मी सोलापुरातनं कादरला बोलावून घेतलं. कादर चामड्याचं काम करतो. घोड्याचा साज, माझी पायताणं, सगळं तोच बघतो.

"ह्या काळ्या खोगिरात उजव्या अंगाला लोकर भर," मी म्हणालो.

"आबा, नवं खोगीर हाय. कायकू उसवायचं?"

"सांगतो तेवढं कर."

त्यानं लोकर भरली. मी बसलो. अहाहा! सुताला धरल्यासारखं सरळ! दोन्हीकडं सारखं पीठ! खोगीर उलटं धरून मी ओरडलो, "बघा! ह्याला म्हनत्यात माप! ऋतुजा, बस आता!"

ती बसली. चार पावलं गेली आणि खोगीर सरकलं डावीकडं.

"वाकडी बसतीस तू!" मी खेकसलो. "पुण्यात हेच शिकिवलं व्हय?"

तिच्या डोळ्यात पाणी आलं. पण उतरली नाही, पाठ ताठ ठेवून तशीच बसली. कादर मात्र तिच्याकडं बघत नव्हता. तो माझ्या पायांकडं बघत होता.

"आबा," तो म्हणाला, "तुमच्या डाव्या पायतानाला दोन थर जास्त कोन लावतंय?"

"तूच की."

"कायकू लावतोय?"

आता काय सांगायचं? ऐन तारुण्यात टांगा उलटला, डावा पाय मोडला, जुळला तो दोन बोटं आखूड. चालताना कळू नये म्हणून कादर तळाला थर लावतो. पण खोगिरात बसलो की दोन्ही रिकिबी सारख्या लांबीच्या. डावा पाय टेकतच नाही, सगळा भार उजव्यावर. कुठलंही खोगीर आणा, मी बसलो की उजवीकडं जाणारच!

"घोडी शिधी हाय," कादर म्हणाला. "पोरगी बी शिधी हाय."

पुढचं तो बोलला नाही. मोठा शहाणा माणूस.

त्यानं तिथंच बसून लोकर काढली, टाके घातले. या वेळी नारळ नाही, रीत नाही. मी गुमान बाजूला उभा राहिलो. ऋतुजा बसली, दोन काय, वीस चकरा मारल्या. खोगीर काढलं तर दोन्ही अंगाला पीठ एकसारखं, जणू भाकरी थापावी तसं.

पुण्यात ती चौथी आली. टिकलीच्या पाठीवर एक चट्टा नाही. मॅडमना मी फोन केला आणि झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक माझीच आबा. घोडीचं माप घेतलं, मुलीचं घेतलं, तुमचं घ्यायचं राहून गेलं."

इथंवर ठीक होतं. पण मी पंचक्रोशीत जे करून ठेवलं होतं त्याचं काय? परवा टेंभुर्णीहून नवरदेवाच्या बापाचा फोन. वरात ठरलेली.

"आबा, तुमची घोडी एका अंगाला कलती म्हनं. पोरगं पडंल की माजं!"

"घोडी एकदम सरळ हाय वो," मी म्हणालो. "वाकडा मी हाय."

त्यानं पलीकडं घरच्यांशी कुजबुज केली. मग म्हणाला, "मग असं करा, घोडी तेवढी पाठवा. तुमी नगा येऊ."